दारावरचा बल्ब

बटण? ते तुझ्या घरात कसं सापडेल, पोरी — उभी का, बस ना, बाळाला दे इकडे मांडीवर — अगं, तुझ्या दारावरच्या त्या बल्बची वायर आमच्या माळ्यावरून गेलीय. का म्हणजे? गल्लीच्या टोकाला अंधार नको म्हणून, दुसरं काय. चिलटं येतात म्हणतेस? येणारच. चावत नाहीत बिचारी, डास वेगळे. कारखान्याचं पाणी नदीत यायला लागलं तेव्हापासूनची आहेत ही. त्याच नदीत मी भांडी विसळलीत, तळाचा खडा न् खडा दिसायचा. आता काठाचा चिखल काठीने उकरून बघ — लाल दोऱ्यासारख्या अळ्या वळवळतात. मासे मेले, ह्या मात्र मजेत. दिवेलागणीला त्यांचीच चिलटं होऊन उठतात, धूर उठावा तशी, नि उजेड दिसेल तिकडे धावतात. सकाळी तुझ्या दाराशी ढीग असतो, तू खराट्याने झाडतेस, बघते ना मी — तसं नको करू, ओल्या फडक्याने उचल. वाळली की भुगा होतो, तो छातीत बसतो. आमच्या नातीचं तेच झालं. ओठ निळे, बरगड्या आत ओढलेल्या, दवाखान्यात तोंडाला नळी लावून वाफ देत होते. डॉक्टर म्हणाले, घर बदला. घर काय चप्पल आहे, चावली की बदलायची? मग गल्लीने ठरवलं — तिन्हीसांजेला आपापले दिवे मालवायचे — तुला वाटलं असेल, वीजच गेली — नि तुझ्या त्या घरावर एकच बल्ब, पण मोठा — रिकामं होतं गं तेव्हा ते, कुणाचं काय जात होतं? सगळी चिलटं तिकडे. नात तेव्हापासून कशी उड्या मारतेय, बघतेस ना.

थांब, हलू नको. ह्याच्या छातीत घरघर कसली? कधीपासून? ...इथे राहायला आल्यापासून. हं. सर्दी असेल. लहान मुलांना होतेच सर्दी.

बल्ब काढून टाकू म्हणतेस? माझ्या एकटीच्या हातात का आहे ते, सगळ्या गल्लीला विचारायला हवं — बटण आहे माझ्याच खाटेमागे, पण — अशी बघू नको माझ्याकडे. तुला हा आहे, तशी मला ती आहे.

घे ह्याला. खिडक्या लावून घे, फटीत ओली चिंधी कोंब. नि जा आता लवकर, बल्ब लावायची वेळ झाली.