दाणा बाजारातली वास्तुशांती

जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत प्रेमकुंवर डोळे मिटून बसली होती. नवरा गेल्यापासून दिराच्या संसारात राबणाऱ्या तिला जरा डुलकी हवी होती, पण पुढच्या सीटवरच्या दोघी नर्सबाया काही झोपू देईनात.

“प्रमिलाअक्का, जळगावात दाणा बाजारात फ्लॅट घेतलात म्हणे! आम्हाला साधा पेढा नाही?”

“घेतला. दोनच खोल्या, पण खाली सगळा बाजार. हे गेल्यावर माझ्या एकटीच्या पगारात घेतला.”

“मग वास्तुशांती कधी?”

“आज. आत्ता! भावानं परस्पर ठरवली. म्हणतो, ‘तू एकटी कशी बसशील? मी आणि तुझी वहिनी जोडीनं बसतो. तू चहापाण्याचं बघ.’”

“तुमच्याच घरात?”

“पुढे ऐक. दारावरची पाटीसुद्धा स्वतःच्या नावाची करून आणली! बिल्डरकडे सोबत चल म्हटलं, तेव्हा ह्यालाच ताप भरला होता.”

“अगबाई! मग आता तिकडे पूजा चालली असेल?”

“कशी चालेल? भटजी, भाऊ, वहिनी, सगळे जिन्यात उभे असतील. किल्ली माझ्या पिशवीत आहे.”

प्रेमकुंवर ताडकन पुढे वाकली.

“बाई, त्या बिल्डिंगीत अजून एखादा फ्लॅट शिल्लक आहे का हो?”