लिंबू-मिरचीचा गॉगल

आमच्या भावोजींचं शौर्य ऐकाच. माझी लेक जिना चढायला लागली, म्हणून तिथे प्लायवूडचं छोटं फाटक बसवायचं होतं. भावोजींनी महाडहून लाकूड कापायची जिगसॉ मशीन आणली, नारळ फोडला आणि मशीनला लिंबू-मिरची बांधली.

लेकीला कडेवर घेऊन मी दारातूनच म्हटलं, “भावोजी, गॉगल घाला. आणि ते लिंबू सोडा, पात्यासमोर लोंबतंय.”

मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. माझं कोण ऐकणार?

“वहिनी, तुमी लय घाबरता. नजर लागाया नको म्हणून बांधलंय ते!”

बटण दाबताच पात्याने आधी लिंबू-मिरचीच कापली. सगळा रस थेट डोळ्यांत!

नळाखाली डोळे धूत भावोजी ओरडले, “वहिनी, तुमचीच नजर लागली!”

“लागणारच,” मी म्हटलं. “सध्या तेवढीच शाबूत आहे.”