शेवटच्या प्रसंगाची पाने

नाव लेआर्को बेदेस्की, वय ६३ वर्षे, धंदा निवृत्त शिक्षक, राहणार रेज्जो एमिलिया, रेल्वे स्टेशनमागे.

आज दिनांक २० एप्रिल २००९ रोजी सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटा राहतो.

सन २००१ ते २००७ या काळात आम्ही पाच जणांनी मिळून एक कादंबरी लिहिली. दर शनिवारी दुपारी तीन वाजता कामगार क्लबच्या माडीवर जमत होतो. खाली पत्ते चालत. पद्धत अशी की, प्रत्येक प्रसंग पाचही जण आपापल्या घरी लिहीत. पान टाइप केलेले, बिननावाचे. ते पेटीत टाकायचे. पेटी फक्त आमच्यातलीच वान्ना सोन्चिनी उघडत असे. पाच पानांतली वाक्ये घेऊन ती एक प्रसंग जोडी. कोणते वाक्य कोणाचे, हे विचारायचे नाही आणि सांगायचे नाही.

जोडलेला प्रसंग मोठ्याने वाचला जाई. आमच्यातली निवेस काल्लेगारी शिवणकाम करीत असे. विशेषणे जास्त झाली की ती म्हणे, "अगं बाई, ही साखर कोणी सांडली?" बघायची छताकडे. सगळे हसत. पुढे मी विशेषणे कमी केली.

मार्च २००७ मध्ये शेवटचा प्रसंग लिहायचा होता तेव्हा निवेस इस्पितळात होती. मी दर मंगळवारी जात होतो. एकदा विचारले, "तुझं पान दिलंस का?"

"सहा वर्षांत पहिल्यांदा नियम मोडतोयस, मास्तर. तोही इथे येऊन?"

मी पुढे विचारले नाही. आणखी एक गोष्ट विचारायची होती, तीही विचारली नाही. ९ मे रोजी ती वारली.

पुढच्या वर्षी पुस्तक आले. ते एकाच हातचे वाटते, असे वर्तमानपत्रांत छापून आले. आम्ही चौघे क्लबात वाइन प्यायलो.

या हिवाळ्यात मी पुस्तक पेन्सिल घेऊन वाचले. निवेसची वाटली त्या वाक्यांखाली रेघ मारली. अकरा निघाली. शेवटच्या प्रसंगातले एक असे: 'दोरीवर सदरा वाळत घालताना तिने बाह्या खिशात खोचल्या.' इतर दहांबद्दल मला शंका होती.

४ एप्रिल रोजी मी पुस्तक वान्नाला दाखवले. ती म्हणाली, "शेवटच्या प्रसंगात तिचं काही नाही रे. तिने पानच दिलं नव्हतं. पेटीत चार होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाच्या लक्षात आलं? तुझ्या तरी आलं? मग पुस्तक जमलं म्हणायचं."

मी पाने मागितली. ती म्हणाली, "क्लबातल्या कपाटात आहेत, तिथेच राहतील. तुला दाखवली की उद्या बाकीचे दोघे आपापली वाक्यं मोजायला येतील. घरी जा, लेआर्को. जेव काहीतरी."

१६ एप्रिल रोजी दुपारी सव्वा वाजता क्लब जेवणासाठी बंद असताना मी त्या कपाटाचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने तोडले. शेवटच्या प्रसंगाचा लिफाफा उघडला. पाने चार होती. दोनदा मोजली. ते वाक्य तिसऱ्या पानावर होते. त्या महिन्यात माझ्या प्रिंटरची शाई संपत आली होती आणि या पानावरची अक्षरे फिकट होती, त्यावरून ते पान मी टाइप केलेले असल्याचे ओळखले. ते वाक्य लिहिल्याचे मला आठवत नाही.

ते एक पान मी घरी नेले. बाकीची जागेवर ठेवली. पान आज ठाण्यात जमा केले आहे.

ठाणे अंमलदार मला म्हणाले, "मास्तर, पान तुमचंच, मग चोरी कसली? नुसतं कुलूप तोडल्याचं लिहितो. त्या सोन्चिनीबाईही मिटवायला तयार आहेत." मी त्यास नकार दिला. पान निवेस काल्लेगारी, मयत, हिचे आहे. ते मी चोरले, असे लिहावे.

वरील मजकूर माझ्यासमोर टाइप केला, मला वाचून दाखवला. तो खरा आहे. खालची सही माझी आहे.