चाचांचा व्हर्नियर, अक्काचा व्हर्नियर

आमी मूळचे आणे गावचे, पठारावरचे. जमीन व्हती पण पाणी न्हाई, बाजरी अन् हुलगे, तेवढंच, म्हनून लग्न झाल्यावर मी जुन्नरला आलो. तिथं एका चाचांचं लेथचं, म्हंजे लोखंड कातायच्या यंत्राचं, वर्कशॉप व्हतं, नव्वदच्या सुमाराची गोष्ट सांगतोय, भाऊ. पहिल्याच दिवशी चाचांनी माझ्या हातात व्हर्नियर दिला, बारीक माप घ्यायचा, स्वस्तातला, जुना, अन् म्हनले, काही मोजायच्या आधी याचे जबडे मिटव अन् शून्य कुठं येतं ते बघ. मी मिटवला. तर जबडे झिजलेले, शून्य शून्यावर थांबंना, दोन रेघा पल्याड जायाचं. चाचा म्हनले, हा दोन रेघा कमी सांगतो, तू दोन रेघा वाढवून घे, झालं. मंग काय, वाढवत ऱ्हायलो, बारा वर्षं.

काय सांगू तुम्हाला, दुपारी लाईट गेली की लेथ थांबायचा, सगळं कसं गप व्हायचं, अन् मी दारात बसून काहीबाही मोजायचो. बाजरीचा दाणा मोजला, चाफ्याची पाकळी मोजली, बायकोची बांगडी मोजली. एकदा चाचांच्या दाढीचा पांढरा केस मोजला. चाचा म्हनले, क्या नाप रहा है, मेरी उमर? अन् लई हसले. डोळं मिटलं तरी मला रेघाच दिसायच्या, नांगरटीनंतर पठार दिसतं ना, तशा, लांबच लांब, अन् त्यातली एकच रेघ कुठंतरी समोरच्या रेघेला बरोबर जुळायची. लई बरं वाटायचं तवा. का ते नाय सांगता येत.

चाचा गेले, त्यांच्या घरच्यांनी वर्कशॉप मलाच चालवाया दिलं.

आता अक्काचं सांगतो. अक्का माझी थोरली बहीण, आण्यातच दिलेली. दाजी गेल्यापासून पिठाची गिरणी एकटी चालवती. त्या साली भाऊबीजेला गेलो, ओवाळणी मी घालायची, तर तिनंच माझ्यापुढं डबी ठेवली. नवा व्हर्नियर! पुण्याहून मागवलेला, चकचकीत. म्हनली, तुझा तो म्हातारा टाक आता, दात पडलेला.

अन् महिन्याभरात तिच्याच गिरणीचा शाफ्ट, फिरता दांडा, तुटला. मी म्हनलं, अक्का, तुझ्याच व्हर्नियरनं करतो. मन लावून केला, भाऊ. एसटीनं घेऊन गेलो. बायका डबे घेऊन वाट बघत बसलेल्या. बेरिंग चढवाया घेतलं, तर हातानंच सरकलं, डुगडुगाया लागलं. खरं म्हंजे ते लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत जायाला पायजे. एक बाई म्हनली, बसलं वाटतं सोपं! शाफ्ट बारीक झालेला, वाया गेला.

अक्काचा चेहराच उतरला. म्हनली, फसवलं रं मला दुकानदारानं, खोटा दिला व्हर्नियर. पोत्यावर बसलो अन् नवा व्हर्नियर मिटवला, पहिल्यांदाच. शून्य शून्यावर. एक रेघ हिकडं न्हाई, एक रेघ तिकडं न्हाई. तवा कळलं, राव. मोजताना मी दोन रेघा वाढवल्या व्हत्या, सवयीनं, म्हनून शाफ्ट दोन रेघा जास्तच कातला. चाचांनी पहिल्या दिवशी सांगितलेलंच विसरलो.

न्हाई सांगितलं असतं तरी चाललं असतं, दुकानदार काय हिथं येनार व्हता? पण अक्काकडं बघितलं अन् बोललो. अक्का, तुझा खराय गं, माझ्या हातालाच खोड लागलीय. सगळ्या बायका ऐकत व्हत्या. अक्का म्हनली, मंग हाताला सांग की, अन् उद्या दुसरा आन, पीठ संपलंय लोकांचं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. बेरिंग ठोकून ठोकून बसवलं. गिरणी सुरू झाली, पट्ट्याचा फटफट आवाज, पांढरी धूळ, अक्काच्या पापण्यांवर पीठ. तिनं पहिलं दळण माझंच काढलं, घरी न्यायला तिच्याच बाजरीचं.

आता माझं बी वय झालं, चष्मा लागला. दोन्ही व्हर्नियर एकाच फडक्यात गुंडाळून ठेवतो. सकाळी दारात उभा ऱ्हातो, उन्हाकडं तोंड करून आधी चाचांचा मिटवतो, दोन रेघा. मंग अक्काचा, शून्य. दोघं बी आपापल्या जागी हायेत, येवढं बघतो अन् लेथ चालू करतो. पठारावर अक्काची गिरणी बी रोज त्याच टायमाला सुरू व्हती. ऐकू येत न्हाई हिथवर, पण व्हती.