एका मिनिटात किती शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय विश्वासराव, मुख्याध्यापक हयवदन सर, व्यासपीठावरील सन्माननीय विश्वस्त मंडळी, माझे सहकारी शिक्षक, कचेरीतले देवाप्पा अण्णा, पालकवर्ग, आजी-माजी विद्यार्थी, आणि शनिवारची दुपार मोडून व्हाइटफील्डपासून बसवनगुडीपर्यंत ट्रॅफिक सोसत आलेले माझे आप्तेष्ट, आपणा सर्वांना या प्रियदर्शनीचा सविनय नमस्कार.

माझ्या आधी सहा वक्ते बोलले. सहाही जणांनी ज्या बाईंचं वर्णन केलं, त्या इतक्या थोर निघाल्या की मला वाटलं, एकदा त्यांना भेटायला हवं. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मानपत्रही मिळालं. मानपत्रात मला ‘इंग्रजी वाचनाच्या चाचणीच्या जनक’ म्हटलं आहे. मी आज बोलणार आहे ते त्या एका ओळीबद्दल. बाकीच्या ओळींबद्दल कृतज्ञता आहेच.

चौतीस वर्षं मी या शाळेत इंग्रजी शिकवलं, स्टाफरूममध्ये कन्नड बोलले, आणि मराठी घरी उंबऱ्याच्या आत ठेवली. आज पहिल्यांदाच या व्यासपीठावरून मराठीत बोलते आहे. ज्या सहकाऱ्यांना मराठी कळत नाही त्यांनी मला स्वल्प सांभाळून घ्यावं. शेजारी बसलेले अर्थ सांगतीलच. तो बरोबर असेल याची हमी मात्र मी देत नाही.

तर, चाचणी. ती मीच सुरू केली, हे खरं आहे. दहावीच्या वर्षी जुलै महिन्यात प्रत्येक मुलाला एकेकटं बोलवायचं. समोर एक इंग्रजी उतारा. माझ्या हातात स्टॉपवॉच. एक मिनिट मोठ्यानं वाचायचं, मी शब्द मोजायचे, मग पाच प्रश्न तोंडी विचारायचे. सत्तरच्या वर शब्द आले तर ‘अ’ यादी, खाली आले तर ‘ब’. सप्टेंबरात पुन्हा एकदा तेच. फॉर्म मी स्वतः आखला होता आणि त्याचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू! दोन्हीकडे रकाने, खाली सहीची जागा. संस्थेला तो एवढा आवडला की पुढे ठराव झाला: सप्टेंबरातही जे ‘ब’ यादीत राहतील त्यांनी दहावीचा फॉर्म शाळेतर्फे न भरता बाहेरून भरावा. म्हणजे शाळेच्या निकालाला धक्का नको. त्या ठरावाला मी विरोध केला नाही. तेव्हा मला तो शिस्तीचा भाग वाटला.

आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पवित्रा नावाची मुलगी होती. आनेकलहून यायची. वडील आप्पाजी तिकडच्या एका कारखान्यात कामाला. आपल्यातलेच, मराठी बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेले. ती दोन बस बदलून यायची आणि तरीही प्रार्थनेच्या आधी हजर असायची. वर्गात बासष्ट मुलं. पवित्रा तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे. स्वतःहून कधी बोलायची नाही. प्रश्न विचारला तर उभी राहायची आणि खाली बघायची. मी दोन सेकंद थांबायचे आणि पुढच्याला विचारायचे. बासष्ट मुलं असली की दोन सेकंदही पुष्कळ वाटतात.

पण सगळ्या वर्गानं एकसुरात धडा वाचला की तिचा आवाज मला वेगळा ऐकू यायचा. खणखणीत, स्पष्ट, जिथे थांबायचं तिथे थांबणारा. मला वाटायचं, इतरांच्या मागे मागे म्हणते आहे. लेखी परीक्षेत तिला चांगले गुण पडायचे. त्यावर मी काय समजले असेन? तिच्या शेजारची मुलगी हुशार होती, तिच्या पेपरात बघून लिहीत असेल, असं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. पण समजले, हे आज सांगते.

जुलैत ती चाचणीला माझ्यासमोर बसली. मी घड्याळ दाबलं. पहिला शब्द ‘द’. तिचे ओठ त्या शब्दावर आले आणि तिथेच राहिले. मान ताठ झाली, डोळे घट्ट मिटले. मी म्हटलं, “कम ऑन, पवित्रा, वेळ चालला आहे.” मिनिट संपलं तेव्हा नऊ शब्द झाले होते. पाच प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. सप्टेंबरात अकरा शब्द. मी फॉर्मवर अकरा लिहिलं आणि खाली सही केली. माझी सही फार सुवाच्य आहे, हयवदन सर नेहमी म्हणतात.

डिसेंबरात आप्पाजी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. कारखान्याच्या गणवेशातच होते, रजा न घेता अर्ध्या पाळीतून आले होते. मी व्हरांड्यात भेटले. मला वाटलं, चार शब्द धीराचे बोलावेत. म्हटलं, “काळजी करू नका, बाहेरून बसली तरी तयारी केली तर पास होईल. फक्त तिला थोडं वाचायला शिकवा.”

 ते म्हणाले, “मिस, तिला येतंय. तोंडातनं येत नाही येवढंच.”

मला कळलं नाही. मी विचारलं, “म्हणजे?”

“ल्हानपणापास्नं अडकतंय. एकटी बोलाया लागली की कुलूप पडल्यागत होतंय. भजनात सगळ्यांबरोबर म्हणताना अडकत नाही बघा. माझ्या कारखान्यातले इंग्लिश कागद तीच वाचती, आणि अर्थ मला लिहून देती. मला वाटलं, तुम्हाला ठाव असेल.”

तुम्हाला ठाव असेल. नववीपासून सव्वा वर्ष ती माझ्या वर्गात होती!

मी त्यांना बाकावर बसवलं आणि धावत कचेरीत गेले. फॉर्म भरायची मुदत संपली होती. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी फोन करून बघितले, काही झालं नाही. परत आले तेव्हा आप्पाजी दाखल्याची घडी खिशात घालत होते. “सरी, ठीक हाय मिस, राहू द्या,” म्हणाले. “ती आता इथं पाय ठेवनार नाही म्हनती.” रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मी आनेकलला गेले. विचारत विचारत त्यांची खोली शोधली. पवित्रा दारातच भाजी निवडत बसली होती. मला बघून उठून उभी राहिली, जशी वर्गात राहायची तशी. आणि मित्रहो, मी माफी मागायला गेले होते. बसमध्ये दीड तास वाक्यं जुळवत होते. पण समोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून काय निघालं? “अगं, मग तू मला सांगायचं नाहीस का?”

आवाज असा, जसा काही गुन्हा तिचाच होता.

ती बोलायला लागली. “मिस, मी... मी तु... तु...” मान ताठ, डोळे मिटलेले. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर मला थांबवेना. मी तिचं वाक्य पुरं केलं. म्हटलं, “तू घाबरलीस, हो ना?”

तिनं डोळे उघडले. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो. मग आत गेली आणि माझ्यासाठी कॉफी करून घेऊन आली. तेवढ्यात आप्पाजी आले, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मी परत आले.

त्या संध्याकाळी बसमध्ये मला कळलं की तिला ते म्हणायचंच नव्हतं. ‘घाबरले’ या शब्दात ‘तु’ कुठे आहे? ‘तुम्हाला’ असेल. ‘तुमच्याकडे’ असेल. मी तुमच्याकडे आले होते, असं असेल का? मी तुम्हाला एकदा लिहून दिलं होतं, असं असेल का? मी घरातल्या सगळ्या जुन्या वह्या-कागद उपसले. काही सापडलं नाही. आठ वर्षं मी त्या ‘तु’च्या पुढे शब्द लावून बघते आहे. भाषेची शिक्षिका आहे, पण एकही शब्द बसत नाही.

महिनाभरानं पुन्हा गेले तर खोलीला दुसऱ्यांचं कुलूप होतं. कारखाना बंद पडला, ती माणसं होसूरकडे गेली असं शेजारीण म्हणाली.

आता माननीय अध्यक्षांची क्षमा मागून एक कबुली देते. त्या वर्षानंतर मी स्टॉपवॉच घरी नेऊन ठेवलं. मुलं माझ्यासमोर बसत, पण आधी उतारा मनात वाचत, उत्तरं लिहून देत. ज्याला मोठ्यानं वाचायला जड जाई त्याच्याबरोबर मीही वाचे, दोघं मिळून. किती मुलांचे आवाज मी तसे ऐकले! ज्यांना खरंच वाचता येत नव्हतं त्यांना शाळा सुटल्यावर बसवलं. सगळ्यांना आलं असं नाही, पण बऱ्याच जणांना आलं. आणि दर सप्टेंबरात ‘ब’ यादी मी कोरी देत राहिले. सात वर्षं. विश्वासराव, आपण वार्षिक अहवालात ‘वाचनात शंभर टक्के यश’ असं छापत होतात. ते यश नव्हतं, ती मी होते. टाळ्या नकोत. हे नियमाविरुद्ध होतं आणि मला ते ठाऊक होतं.

मागच्या वर्षी जुलैमध्ये मी वर दहावीच्या मुलांचं वाचन घेत होते. दुपारी खाली आले तर देवाप्पा अण्णांनी एक अर्ज दाखवला. इथे शिकल्याचा दाखला हवा म्हणून केलेला. सुंदर, सरळ इंग्रजी, एक शब्द जास्त नाही. सोबत दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत: इंग्रजीत शंभरपैकी ब्याऐंशी. खाली नाव पवित्रा.

मी विचारलं, “कोण आलं होतं?”

देवाप्पा अण्णा तिथे दाराशी उभे आहेत, त्यांना विचारा, मी शब्दही बदलत नाही. ते म्हणाले, “तीच आली होती, अक्का. बोलायला वेळ लागला तिला. प्रिया मिस हायत का, विचारलं. मी म्हटलं, वर परीक्षा चालू हाय, बस. बाकावर बसली अर्धा तास. मग बस चुकेल म्हणून गेली.”

“मला हाक का नाही मारली?”

“तुम्हीच दारावर पाटी लावलीय, अक्का. वाचन चालू आहे, आत येऊ नये.”

“काही सांगितलं का तिनं? काही निरोप?”

“नाही. जाताना हसली.”

अर्जावर होसूरचा पत्ता होता. मी तीन पत्रं लिहिली. दोन गेली ती गेली, तिसरं परत आलं, ‘इथे राहत नाही’ असा शेरा घेऊन. फोन नंबर अर्जावर नव्हता. ती जिना चढून वर आली असती तर? मी पाणी प्यायला पाच मिनिटं आधी खाली उतरले असते तर? रोज मुलं समोर बसली की मला त्या बाकाची आठवण होते. अर्धा तास ती माझ्यासाठी थांबली होती. मी तिच्यासाठी एका वाक्याएवढंही थांबले नव्हते.

रडवायला उभी राहिले नव्हते, माफ करा. एक मागणं आहे. माझ्यानंतर ही चाचणी माझी सहकारी संहिता घेणार आहे. ती माझ्यापेक्षा प्रामाणिक आहे, कोरी यादी देणार नाही, आणि तिनं ती देऊ नये. म्हणून तो ठरावच रद्द करा. चाचणी राहू द्या. मूल कुठे अडतं आहे हे कळायलाच हवं. पण जे अडतं त्याला शाळेबाहेर काढू नका. सन्मान म्हणून मला काही द्यायचं असेल तर एवढं द्या.

विश्वासरावांनी मान हलवली आहे. मी ती होकाराची समजते. सभागृहात दोनशे माणसं बसली आहेत आणि हयवदन सर इतिवृत्त लिहून घेत आहेत. लिहिलंत ना सर? धन्यवाद.

आता आभार. संस्थेचे, ज्यांनी एका नवख्या मुलीच्या हाती वर्ग दिला. सहकाऱ्यांचे, ज्यांनी माझे उशिराचे पेपर निमूट सहन केले. माझ्या घरच्यांचे, त्यांचे आभार मी घरी मानीन, इथे मानले तर त्यांना ते खरे वाटणार नाहीत. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचे. तुमच्यापैकी कुणाला मी दोन सेकंदांत खाली बसवलं असेल, कुणाबद्दल मनात काही वाकडं धरलं असेल, तर मला उदार मनानं क्षमा करा. आजच्या बोलण्यात लहान-मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, मराठीत कन्नड मिसळली असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर तेही पोटात घाला.

आणि होसूरकडची, आनेकलकडची कुणी मंडळी इथे असतील तर एक निरोप न्या. पवित्रा आता तेवीस वर्षांची असेल. कुठे भेटली तर तिला सांगा, मिस आता दिवसभर घरी असतात. तिला हवा तेवढा वेळ घेऊन तिनं बोलावं. मला कसलीही घाई नाही.

नमस्कार.