उद्या अकराला ओझरचे पाहुणे

भाग्यश्री : मान हलवू नको आई, कानाला रंग लागेल.

लताबाई : लागू दे. कान पदरात झाकीन. पाहुणे काय माझं डोकं बघायला येनार हायेत का?

भाग्यश्री : हो, पहिलं तेच बघतील. योगेशच्या आईनं तुला दिवाळीत पाहिलं तेव्हा केस काळे होते. उद्या साखरपुड्याची तारीख ठरवायला येतील आणि समोर तू अशी सोनेरी. विचारणारच की, हे काय झालं म्हणून.

लताबाई : मग सांगायचं, पोरीची पार्लरच्या कोर्सची परीक्षा होती. मॉडेल म्हणून ठरलेली पोरगी ऐनवेळी आली नाय, तर हिनं आईला बाजारातून उचलून नेलं. मेथीची पाटी तशीच शेजारी बसनाऱ्या झुंबरबाईच्या हवाली करून आले होते मी.

भाग्यश्री : तेच तर सांगायचं नाही. त्यांना वाटतं मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते.

लताबाई : बसते का?

भाग्यश्री : पार्लरच्या काउंटरवर कॉम्प्युटर आहे.

लताबाई : मग खोटं कुठं बोललीस.

भाग्यश्री : टोमणे मारू नको. त्यांच्याकडे लोकांची डोकी धुणारी सून चालणार नाही. योगेशच म्हणाला, आधी लग्न होऊ दे, मग हळूच सांगू.

लताबाई : म्हंजे त्याला ठावं हाय. कारखान्यात विमानं जोडतो म्हणं, अन् आईपुढं तोंड उघडंना.

भाग्यश्री : सगळ्यांच्या आया तुझ्यासारख्या नसतात.

लताबाई : मला तर ह्या केसांची सवय झाली होती. पंचवटीच्या बाजारात गिऱ्हाईक लांबून वळखतं. सोनेरी मावशीकडून घ्या म्हणतात.

भाग्यश्री : हसतात तुला.

लताबाई : हसतात ना. हसत हसत दोन जुड्या जास्त नेतात.

भाग्यश्री : झालं लावून. आता पस्तीस मिनिटं थांबायचं. गडद तपकिरी आहे, काळाच दिसतो.

लताबाई : आधी तांबडा नाय का लावायचा?

भाग्यश्री : आई, सर्टिफिकेट कोणाकडे आहे?

लताबाई : बरं बाई.

(पाऊण तासानंतर. केस धुऊन झाले आहेत. लताबाई आरशासमोर बसल्या आहेत.)

भाग्यश्री : ओले आहेत ना, म्हणून तसे दिसतात.

लताबाई : हिरवे दिसतात.

भाग्यश्री : हिरवट. थोडेसेच.

लताबाई : राहू दे. मेथी विकते म्हणल्यावर पाहुण्यांना पटंल.

भाग्यश्री : आई, मला रडू येतंय. उद्या अकराला येतील ती माणसं.

लताबाई : रडून काय रंग बदलनार हाय? तुझ्या मॅडम काय सांगायच्या ते आठव. ब्लीच केलं का केसातलं तांबडं सगळं निघून जातं. त्यावर नुसता तपकिरी चढवला का हिरवा मारतो. आधी तांबडा भरायचा, मग गडद.

भाग्यश्री : हे तू कधी ऐकलंस?

लताबाई : ती पोरगी नुसती परीक्षेपुरती ठरली होती. त्याआधी सरावाला चार येळा मलाच बसवलं ना त्या खुर्चीत. मॅडम शिकवायच्या तवा तू दाराशी उभी राहून योगेशशी फोनवर बोलायचीस. मला कुठं उठता येत होतं? ऐकत बसायचे.

भाग्यश्री : बॅगेत तांबड्या रंगाची ट्यूब आहे.

लताबाई : मग काढ. अन् आधी मागच्या एका बटेवर लावून बघ. ते बी त्यांनीच सांगितलं होतं.

भाग्यश्री : लावते. बस सरळ. तुला राग आलाय का माझा?

लताबाई : रंग चुकला त्याचा नाय. तू परीक्षेत पहिली आलीस तवा ह्याच डोक्यानं आख्ख्या बाजारात पेढे वाटत फिरले मी. माझ्या पोरीनं केलंय म्हणून पदर मागं सारून दाखवलं. आता तुझं काम लपवायला तेच डोकं पुढं करायचं. वाईट वाटतं मला.

भाग्यश्री : मलाही बरं वाटत नाही. पण लग्न मोडलं तर?

लताबाई : म्हणून तर बसलेय ना तुझ्यापुढं.

भाग्यश्री : बटेचा हिरवा गेला बघ. सगळीकडे लावते. मग परत तपकिरी.

लताबाई : सावकाश कर. घाई कशाला, म्हातारी कुठं पळून जात नाय.

भाग्यश्री : म्हातारी म्हणू नको. 

(दीड तासानंतर. तांबडा आणि त्यावर तपकिरी लावून झाला आहे. केस धुणं चालू आहे.)

भाग्यश्री : डोळे मीट.

लताबाई : मिटले.

भाग्यश्री : पाणी गरम नाही ना लागत? हं. आता पुसते. उघड डोळे, बघ आता.

लताबाई : अगं, हे तर दिवाळीत होते त्याच्यापेक्षा झाक झाले. मुळाशी एक पांढरा दिसंना.

भाग्यश्री : कोणाला काही कळणार नाही.

लताबाई : तेच म्हणते मी. दिवाळीत विहीणबाईंचं डोकं पाहिलं होतंस का? पुढं नारिंगी, मधी पांढरं. बिचारी सारखी पदर सावरत होती. उद्या हे असे केस पाहिले का चहा व्हायच्या आधी इचारंल, कुठं केले म्हणून.

भाग्यश्री : सांग, एका पार्लरमध्ये केले.

लताबाई : कुठल्या, म्हणंल. मला बी घेऊन चला, म्हणंल.

भाग्यश्री : मग काय सांगशील?

लताबाई : तूच सांग. पत्ता देऊ, का जरा थांबा म्हणू, लग्नानंतर करनारीच तुमच्या घरी येनार हाय?