काकांची आंघोळ आणि माझी मोरी

मोठ्यांना आंघोळीची वेळ विचारायची नाही! आमच्या घरचा नियम. का? तर तेही विचारायचं नाही... मी वीस वर्षं विचारलं नाही, आणि तिथेच चुकलं बघा! कारण तुम्हाला सांगते, माझी खोली घरात सगळ्यात खाली, मोरी तिला चिकटून, आणि गेल्या साली धो-धो पाऊस झाला तेव्हा रस्त्यावरचं गटार उलटं फिरून मोरीच्या जाळीतून वर आलं ते थेट माझ्या पलंगाखाली! परीक्षेला आठ दिवस, आणि वह्या... जाऊ दे, वह्यांचं सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

म्हणून यंदा प्लंबरकडून झडप बसवून घेतली. तो म्हणाला, "ताई, रस्त्याचं पाणी आत घुसायला लागलं की ही आपोआप मिटते. पण मिटली की तुमचंही बाहेर जायचं नाही हां! पाऊस ओसरेपर्यंत वरचे नळ बंद, नाहीतर घरचंच घरात फिरेल." मी सगळ्यांना सांगितलं, वरच्या न्हाणीघराच्या दारावर कागद चिकटवला. काकांनी तो चष्मा लावून वाचला, आणि काय म्हणाले? "म्हणजे आता गटाराला विचारून अंगावर पाणी घ्यायचं मी?" आणि गेले की आत! बाहेर पाऊस कोसळतोय, आत काका कोसळतायत, आणि खाली माझ्या जाळीतून येतोय फेस! गुलाबाच्या साबणाचा! गटाराला गुलाबाचा वास येतो का हो कधी?

आणि वरून काका खाली येऊन मलाच म्हणतात, "बघ, कुचकामी तुझी झडप!" काकू म्हणाली, "पूस गं पटकन, घसरेल कोणीतरी." आणि बाबा? मोठ्यांना आंघोळीची वेळ विचारायची नाही!

पुसलं मी. दातओठ खात पुसलं, आणि पुसता पुसता गच्चीवरच्या टाकीचा कॉक कुठल्या बाजूला फिरतो ते आठवत राहिले...

काल सकाळी पुन्हा तस्साच पाऊस. काका टॉवेल खांद्यावर टाकून निघाले. मी म्हटलं, "काका, झडप मिटलीय." दार धाडकन बंद! मी एक बादली ऐकली, दुसरी ऐकली. साबण लागेपर्यंत थांबले, खोटं कशाला बोलू? मग गच्चीवर गेले, कॉक फिरवला आणि खाली येऊन न्हाणीघराच्या दारासमोर उभी राहिले.

"अगंऽ पाणी गेलं! डोळे झोंबतायत!"

काकू धावली, बाबा धावले. माझे भिजलेले केस बघून बाबा ओरडले, "कॉक उघड आधी!"

"नाही."

"अगं, काका आहेत ते तुझे!"

"म्हणूनच गच्ची मोकळी ठेवलीय. तिथे पावसाचं हवं तेवढं पाणी आहे, आणि ते माझ्या खोलीत येत नाही. कॉक मी उघडणार नाही."

बाबांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. अगदी झडपेसारखं.

मग दाराआडून काकांचा बारीक आवाज आला,

"बरं... मग किती वाजता करू आंघोळ?"

काय सांगणार? वेळ विचारायची नाही ना आमच्यात!